अंतर ०.९ कि.मी.

प्रबंध बांधून आला नांदेडहून.
मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
आतल्या पानांना अजून डिंकाचा वास.
हिंगोली जिल्ह्यातल्या बेचाळीस शाळा,
सहा वर्षं, तीनशे बारा पानं,
आणि शीर्षक एवढं लांब
की आमच्या ऑफिसातला शिपाई गजभारे
वाचता वाचता मध्येच चहा सांगून आला.

'कमी पटसंख्येच्या शाळांचे समायोजन:
नियोजन, नेतृत्व व धोरण यांचा चिकित्सक अभ्यास.'
चिकित्सक मीच.
समायोजनाच्या प्रस्तावांखालची सहीसुद्धा माझीच,
विस्तार अधिकारी, शिक्षण.
हे व्हायवात कुणी विचारलं नाही.
बाहेरून आलेले परीक्षक भले होते.
त्यांनी नमुना निवड विचारली,
टी-मूल्य कोणत्या पातळीवर सार्थक ते विचारलं,
आणि परतीची देवगिरी किती वाजता.

प्रश्नावलीतलं चौदावं विधान:
'समायोजनामुळे विद्यार्थ्याचे शिक्षण अखंड राहते.'
पुढं पाच चौकटी,
पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत.
करंजीमाळ तांड्याच्या मुनव्वर सरांनी
एकाही चौकटीत खूण केली नाही.
समासात लिहिलं, बारीक, फळ्यावरच्यासारख्या अक्षरात:
नाल्याला पाणी असलं की पुनी येणार नाही.

एसपीएसएसला पुनी कळत नाही.
तिला कोणता अंक द्यायचा
यात माझी एक रात्र गेली.
मग तीन दिला. तटस्थ.

तांड्याची शाळा जूनमध्ये बंद झाली. पट सात.
नवी शाळा नाल्यापलीकडं, गावात.
अंतर शून्य पूर्णांक नऊ दशांश:
मोबाइलच्या नकाशावर, जीपमध्ये बसून,
एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत
मी बोटानं रेघ ओढली होती.
त्या दिवशी अजून चार तांडे करायचे होते.
रेघेचे पाय ओले होत नाहीत.

शिफारस क्रमांक नऊ पहिल्या मसुद्यात होती:
अंतर मुलाच्या पायाने मोजावे.
मार्गदर्शकांनी लाल पेनानं गोल केला,
'पाय हे परिमाण नाही. संदर्भ द्या.'
संदर्भ नव्हता. शिफारशी आठच राहिल्या.

नावामागं डॉक्टर लागल्यावर आठ दिवसांनी
तांड्यावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं.
वर्गखोलीत सोयाबीनचे कट्टे, थेट खिडकीपर्यंत,
त्यांच्या वर फळ्याची एक पट्टी दिसत होती:
एकूण सात, हजर सहा.
मुनव्वर सर आता कळमनुरीकडं, दुसऱ्या शाळेवर.
पुनी करडाला पाला घालत होती.
'शाळा?'
'पाणी हाय ना.'
'आणि पुलावरून?'
'लांब पडतंय.'
'किती?'
तिनं करडू आईकडं दिलं आणि चालू लागली.

पावलं मोजायची ठरलं.
तिला शंभरपर्यंतच येतं,
पुढचं सर शिकवणार होते.
म्हणून दर शंभराला एक खडा,
फ्रॉकच्या ओच्यात.
वीटभट्टी. कॅनॉल. बोरीचं बन.
जिथं कुत्री सोडलेली असतात त्या मळ्यापाशी
तिनं न बोलता माझं बोट धरलं,
मोजणी मात्र चुकू दिली नाही.
माझ्या सँडलचा पट्टा पुलावर तुटला.

गावच्या शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा
आत मुलं खिचडीच्या ताटल्या धूत होती.
खडे चोपन्न.
तिनं खाली मांडून पुन्हा मोजले, चोपन्नच,
आणि माझ्या पर्समध्ये ओतले,
चष्म्यावर, चाव्यांवर, पेनावर.
'ठिवा. सायबाला दावा.'

साहेब मीच आहे, हे सांगायला
परतीची तेवढीच पावलं होती.
तिनं नवे खडे उचलायला सुरुवात केली.
पस्तिसाव्यापर्यंत मी गप्प होते.